बावीस तास नेमके कुठले? कोरियातल्या सरकारी शाळेत बहिणीच्या ओव्हरटाइमचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेदहाला मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल आला, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे दोन वाजलेले, आणि मला वाटलं घरी काहीतरी झालंय. "दादा, चार महिने जास्तीचे तास घेतेय मी, आणि आज ऑफिसमधून निरोप आलाय की ओव्हरटाइम काहीच निघत नाही, शून्य." मी चाकणला एका कंपनीत पेरोल बघतो, त्यामुळे घरात कुणाच्याही पगाराचं काही अडलं की फोन माझ्याकडेच येतो. पण कोरिया माझ्यासाठीही नवीन होतं. पुढचे पाच आठवडे आम्ही दोघांनी मिळून जे वाचलं, मोजलं, भांडलो आणि शेवटी जे हातात आलं ते सगळं इथे लिहितोय, कारण या विषयावर मराठीत मला काहीच सापडलं नाही आणि परदेशात वाढलेली आपली बरीच मुलंमुली आता या नोकरीत जातायत.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी मावशी मूळची सांगलीची, लग्नानंतर कॅनडाला गेली, बहीण तिथेच वाढली, पासपोर्ट कॅनडाचा. कोरियाच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला परदेशी शिक्षक घेण्याची एपिक नावाची सरकारी योजना १९९५ पासून चालू आहे आणि ती मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. (भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया सेपा या व्यापार कराराने एक अरुंद दार उघडलंय, पण तो वेगळा विषय.) व्हिसा ई-२. वर्गात तिच्याबरोबर एक कोरियन सहशिक्षिका असते आणि शाळेतले सगळे कागद तीच करते. ही सहशिक्षिका पुढे महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

बहिणीचं कॉन्ट्रॅक्ट असं: महिना २२ लाख वॉन, शिवाय दोन शाळा सांभाळते म्हणून १ लाखाचा भत्ता. सोमवार ते शुक्रवार, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४० तास शाळेत हजर. त्यातले शिकवण्याचे तास आठवड्याला २२, त्यावर गेलं तर प्रत्येक जास्तीच्या तासाला २०,००० वॉन. सोमवार, मंगळवार, गुरुवार मुख्य प्राथमिक शाळा, १५ तास. बुधवार आणि शुक्रवार बसने पंचवीस मिनिटं लांब दुसरी छोटी शाळा, ७ तास. पंधरा आणि सात बावीस, एकही तास इकडे नाही की तिकडे नाही, टाइमटेबल काठोकाठ भरलेलं. कुणी एक तास जरी वाढवला तरी तो वरचाच.

आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तीन वाढले. सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर पांग्ग्वाहूचा एकेक तास, म्हणजे मुलांना शाळेनंतर थांबवून घेतात ते वर्ग (कोरियात दुपारनंतर मुलांना शाळेतच ठेवण्यावर सध्या सरकारचा मोठा जोर आहे, २०२४ मध्ये नुलबोम नावाने ते पहिलीच्या मुलांसाठी देशभर आणलं), आणि मंगळवारी शिक्षकांसाठी इंग्रजी संभाषणाचा एक तास, उपमुख्याध्यापकांनीच सुचवलेला. सहशिक्षिकेने विचारलं, बहीण हो म्हणाली. पैशांचं विचारलं का, तर हो, विचारलं होतं, उत्तर मिळालं "नियमाप्रमाणे होईल". नियमाप्रमाणे म्हणजे काय ते कुणीच कुठे लिहिलं नाही. शिवाय जूनमध्ये जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी चार मुलांची तयारी करून घ्यायची होती, त्यासाठी तीन आठवडे सोमवारी आणि गुरुवारी साडेचार ते साडेसहा थांबली. सहा संध्याकाळ, बारा तास.

आता ऑफिसचं म्हणणं. कोरियन शाळेत पगार आणि पैशांचं सगळं प्रशासन कार्यालयाकडे असतं, मुख्याध्यापकांच्या हाताखाली पण शिक्षकांपासून वेगळं, आणि तिथल्या लोकांचं काम कागद बघून पैसे सोडणं. त्यांनी सहशिक्षिकेमार्फत चार कारणं सांगितली. एक, पांग्ग्वाहू आणि शिक्षकांचा वर्ग दोन्ही साडेचारच्या आत संपतात, मग ओव्हरटाइम कसला. दोन, मे-जूनमध्ये सुट्ट्या, खेळाचा दिवस आणि सहलीमुळे तिचे कितीतरी तास झालेच नाहीत, सरासरी काढली तर बावीसच्या आसपासच येतं. तीन, शिक्षकांशी गप्पा मारणं हा "वर्ग" नाही. चार, आमच्या शाळेत तिचे १५ आणि ३ मिळून १८ होतात, बावीस कुठे झाले? आणि स्पर्धेची तयारी तर तिने आपखुशीने केली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला, खरंच आला. पण पेरोलमध्ये बारा वर्षं काढल्यावर एक सवय लागते, राग बाजूला ठेवून आधी कागद मागायचे. कॉन्ट्रॅक्ट, चार महिन्यांच्या पे-स्लिपा, टाइमटेबल आणि तिची डायरी मागवली. डायरी नव्हती. पण सहशिक्षिकेबरोबरचे चॅट होते, "उद्या तिसरा तास रद्द", "गुरुवारी पांग्ग्वाहू आहे", असे चार महिन्यांचे मेसेज, त्यावरून आम्ही दोन रविवार बसून आठवड्याआठवड्याची एक्सेल शीट बनवली. हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि याच कामाने प्रकरण सुटलं.

शीट बनवताना माझ्या लक्षात आलं की इथे दोन वेगवेगळी घड्याळं आहेत आणि सगळे लोक, बहीणसुद्धा, दोन्हींना ओव्हरटाइमच म्हणतायत. एक घड्याळ कॉन्ट्रॅक्टचं, ते वर्ग मोजतं. त्याला साडेचार वाजले की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि त्याचा "तास" साठ मिनिटांचाही नाही, कोरियात प्राथमिकचा तास ४० मिनिटांचा, माध्यमिकचा ४५ आणि हायस्कूलचा ५०, पण बावीसात प्रत्येक तास एक म्हणूनच धरतात. तेविसावा वर्ग सकाळी दहाला घेतला तरी तो जास्तीचाच. दुसरं घड्याळ कायद्याचं, कोरियाच्या कामगार मानक कायद्याचं, ते वर्ग बघत नाही, फक्त शाळेत किती वेळ कामाला होतात ते बघतं: कलम ५० प्रमाणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४०, त्यापुढे गेलं की कलम ५६ प्रमाणे नेहमीच्या मजुरीवर ५० टक्के जास्त. शिकवा नाहीतर फाइल लावा, कायद्याला सारखंच.

ऑफिसचं पहिलं कारण दुसऱ्या घड्याळाप्रमाणे अगदी बरोबर होतं! पांग्ग्वाहू साडेचारच्या आत संपतो, तिची हजेरी साडेआठ ते साडेचार (जेवणाची वेळ धरून, कारण प्राथमिक शाळेत शिक्षक मुलांबरोबरच जेवतात आणि तिथे लक्ष ठेवणं हे कामातच मोजतात), तेव्हा कायद्याचा ओव्हरटाइम शून्य. पण ती मागत होती पहिल्या घड्याळाचा. आणि स्पर्धेच्या बारा तासांचं नेमकं उलटं, ते साडेचारनंतरचे, म्हणजे कायद्याच्या घड्याळातले.

मग आकडे. सोळा आठवडे होते. त्यातल्या ९ आठवड्यांत पूर्ण २५ तास झाले, म्हणजे २७ जास्तीचे. दोन आठवड्यांत २४, म्हणजे ४. एका आठवड्यात २३, म्हणजे १. एकूण ३२, वीस हजाराने ६,४०,००० वॉन. उरलेल्या चार आठवड्यांत ५ मेचा बालदिन, ६ जूनचा स्मृतिदिन, खेळाचा दिवस, सहल यामुळे तास बावीसच्या खाली गेले: २०, १९, १७ आणि १४. कमी पडलेले तास जोडले तर १८. ऑफिसच्या सरासरीने ३२ मधून १८ गेले की उरतात १४, म्हणजे २,८०,०००. शिक्षकांचा वर्ग काढून टाकला तर बारा आठवड्यांचे बारा तास जाऊन २० उरतात, ४ लाख. आणि दुसरी शाळा धरलीच नाही तर शून्य. एकाच कामाचे चार वेगवेगळे आकडे, आणि प्रत्येकामागे एक मोजायची पद्धत. हे ऑफिसने वाईट हेतूने केलं असं मला आजही वाटत नाही, त्यांनी प्रत्येक ठिकाणी फक्त शाळेला सोयीची पद्धत धरली, पण चारही ठिकाणी सोय एकाच बाजूची निघाली की चार महिने राबलेल्या माणसाला काय वाटतं ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

चौथं कारण सगळ्यात लवकर पडलं. एपिकच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मालक म्हणून शाळा नसतेच, प्रांताचं शिक्षण कार्यालय असतं, सही त्याच्या प्रमुखाच्या नावाने. बहीण दोन शाळांची नोकर नाही, एका शिक्षण कार्यालयाची आहे आणि त्यांनी तिला दोन ठिकाणी पाठवलंय. म्हणून बावीस हे दोन्ही शाळा मिळून. हे कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या पानावर होतं, आणि दोन शाळांचा भत्ता त्याच ऑफिसमधून महिन्याच्या महिन्याला जात होता, म्हणजे दुसरी शाळा त्यांना माहीत नव्हती असंही नाही.

सरासरीच्या मुद्द्यावर मात्र आम्ही जास्त अडकलो. कॉन्ट्रॅक्टमध्ये "आठवड्याला" असा शब्द आहे, "महिन्याला सरासरी" असा नाही. माझं म्हणणं सरळ होतं, शाळेने सुट्टी दिली किंवा सहल काढली तो तिचा दोष नाही, त्या आठवड्यात ती हजर होती, टेबलावर बसून पुढचे धडे तयार करत होती, कमी शिकवलं म्हणून तिचा पगार कापला नाही, मग त्याच कमी तासांचं कर्ज तिच्यावर ठेवून ते दुसऱ्या आठवड्यात कसं वसूल करणार? बहिणीला मात्र हे भांडखोर वाटत होतं. ती म्हणाली, "दादा, त्या चौदा तासांच्या आठवड्यात मी खरंच निवांत होते, आता पै न पै मोजली तर सगळे म्हणतील ही बाई कशी आहे." हे मी समजू शकतो. ती तिथे एकटी, भाषा अर्धीमुर्धी येते, सहशिक्षिका तिच्यासाठी बँकेत येते, दवाखान्यात येते, आणि हाच पैशांचा निरोप तिच्याच तोंडून दोन्हीकडे जातो. ती मुलगीही सत्तावीस वर्षांची, नोकरीत नवीन, उपमुख्याध्यापकांना जाऊन "आपण चुकलो" असं सांगायचं तिच्यावर. तिच्या जागी मी असतो तर मलाही झोप लागली नसती.

म्हणून आम्ही सहशिक्षिकेला मध्ये ठेवलंच नाही. बहिणीने एक पानाचं पत्र लिहिलं, इंग्रजीत आणि खाली कोरियनमध्ये, तक्रारीच्या सुरात नाही, "मोजण्याची पद्धत समजून घ्यायची आहे" अशा सुरात, सोबत शीट जोडली आणि ते सरळ शिक्षण कार्यालयात एपिक बघणाऱ्या अधिकाऱ्याला पाठवलं, शाळेला प्रत. त्याच पत्रात एक मागणी पे-स्लिपबद्दल होती: १९ नोव्हेंबर २०२१ पासून कोरियात मालकाने पगाराचं विवरण देणं बंधनकारक आहे आणि ओव्हरटाइम असेल तर त्याचे तास आणि हिशोब त्यात दिसले पाहिजेत. तिच्या स्लिपमध्ये ओव्हरटाइमची ओळच नव्हती, मार्चपासून. हे तिने पहिल्याच महिन्यात बघितलं असतं तर जुलै उजाडलाच नसता, आणि हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं, पगाराची पहिली स्लिप तिने मला कौतुकाने पाठवली होती.

स्पर्धेच्या बारा तासांचा हिशोब मी वेगळा केला. माझ्या डोक्यात आपला तेव्हाचा १९४८ चा कारखाना कायदा, त्याचं कलम ५९, ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट. कोरियात दीडपट. तिथे महिन्याचे तास २०९ धरतात, ४० तास कामाचे आणि ८ तास आठवड्याच्या पगारी सुट्टीचे, त्यावरून. २२ लाख भागिले २०९ म्हणजे तासाला साधारण १०,५२६, दीडपट केले की १५,७८९, बारा तासांचे १,८९,४७४ वॉन. दोन शाळांचा १ लाखाचा भत्ता नेहमीच्या मजुरीत धरायचा की नाही हा मोठा प्रश्न, दर महिन्याला ठरलेला मिळतो म्हणून मी धरला, मग २३ लाखांवरून तासाला ११,००५ आणि एकूण १,९८,०८६. फरक साडेआठ हजारांचा, पण "नेहमीची मजुरी" कशाला म्हणायचं यावर कोरियात मोठमोठ्या युनियन वर्षानुवर्षं कोर्टात लढल्यात आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिची व्याख्या आणखी रुंद केली, त्यामुळे सोडावंसं वाटेना.

एक गोष्ट या हिशोबात दिसते ती सांगितलीच पाहिजे. कॉन्ट्रॅक्टचा जास्तीचा वर्ग ४० मिनिटांचा आणि २०,००० वॉन, कायद्याचा जास्तीचा पूर्ण तास १६ हजारांच्या आसपास. म्हणजे तिच्यासाठी वर्गाचा दर कायद्याच्या दरापेक्षा बराच चांगला. म्हणून तिला पांग्ग्वाहूवर कायदा दाखवून काही फायदा नव्हता, तिथे कॉन्ट्रॅक्टच धरायचं होतं, आणि स्पर्धेसाठी कायदा. उलटसुलट केलं असतं तर दोन्हीकडे हरली असती.

या सगळ्यात शाळेने एकदा तिला तोंडी सुचवलं की ओव्हरटाइमचं बजेट नाही, त्याऐवजी शेजारच्या गावातल्या शाळेत शनिवारच्या शिबिरात दोन तास घे, ते रोख देतील. यावर मात्र मी तिला ठाम नाही म्हणायला लावलं. ई-२ व्हिसावर ठरलेल्या जागेबाहेर परवानगीशिवाय शिकवणं म्हणजे इमिग्रेशनच्या नियमाचा भंग, आणि पकडलं तर शिक्षकही अडकतो आणि कामावर ठेवणारेही.

तेरा दिवसांनी उत्तर आलं. अधिकारी बाईंनी शाळेला फोन केला होता आणि बहिणीला लेखी कळवलं: तास आठवड्याचे आठवड्याला मोजायचे, दोन्ही शाळांचे मिळून. शिक्षकांचा वर्ग धरायचा, कारण शाळेच्या मंजुरीच्या कागदात त्याला "वर्ग" म्हटलंय. पण हा कागद, ज्याला तिथे कियान म्हणतात, सहशिक्षिकेने दोन आठवडे उशिरा टाकला होता, म्हणून पहिले दोन वर्ग धरले नाहीत. ३२ मधून २ गेले, ३० गुणिले २०,०००, सहा लाख वॉन. आपल्याकडच्या पस्तीस हजार रुपयांच्या वर. ऑगस्टच्या पगारात आले, स्लिपमध्ये वेगळ्या ओळीत.

त्या दोन वर्गांचे ४०,००० वॉन सोडावे लागले हे मला अजूनही पटत नाही, वर्ग झाला होता, शिक्षक बसले होते, कागद उशिरा निघाला ही शाळेची चूक. पण कोरियन सरकारी ऑफिसात आधी मंजुरी, मग काम, मग पैसे हा क्रम इतका पक्का आहे की मंजुरी नसलेलं काम त्यांच्या लेखी झालेलंच नसतं. बहीण म्हणाली हे ताणलं तर ठपका सहशिक्षिकेवर येईल. तिने सोडून दिलं, आणि तो निर्णय तिचाच असायला हवा होता.

स्पर्धेच्या बारा तासांवर शाळा पैशांना तयार नव्हती, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग नसतानाही शाळेत नुसतं टेबलाशी हजर बसायचे जे दिवस असतात त्यातून बारा तास सुट्टी द्यायला तयार झाली. मी म्हटलं बारा कशी, अठरा. कलम ५७ प्रमाणे पैशांऐवजी सुट्टी देता येते पण ती दीडपटीचा हिशोब धरूनच, बारा तास कामाला अठरा तास सुट्टी, दोन दिवस आणि दोन तास. खरं तर त्यासाठी कामगारांच्या प्रतिनिधीबरोबर लेखी करार लागतो, तो नव्हता, तेव्हा ती पैशांवर अडून बसू शकली असती. गरज पडली असती तर कामगार खात्याचा १३५० नंबर होता, लेखी अर्ज केला की कामगार निरीक्षक दोन्ही बाजूंना बोलावतो, आणि पगाराचा हक्क तीन वर्षं जिवंत राहतो, म्हणजे नोकरी सोडल्यावरही मागता येतं. तिने अठरा तास घेतले.

हे सगळं चालू असताना मला सारखी एक गोष्ट टोचत होती. १९८८ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार या प्रकरणात सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा "कामगार" नाही. ती गोव्यातल्या शाळेतली बाई होती. माझी बायको पिंपरीत एका खासगी शाळेत शिकवते, गॅदरिंगच्या महिन्यात रात्री आठला घरी येते आणि जास्तीच्या तासाचा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. ती रोज जेवताना या प्रकरणाचं पुढे काय झालं ते विचारायची. शीटमधली एक चूक तिनेच पकडली, सहलीच्या आठवड्यात मी दोन वर्ग दोनदा धरले होते.

ऑगस्टच्या शेवटी दुसरं सत्र सुरू झालं. सहशिक्षिकेने यावेळी पहिल्याच दिवशी कियान टाकला, त्यात दोन्ही शाळांचे तास, वरचे दोन पांग्ग्वाहू आणि "दर महिन्याला, आठवड्याप्रमाणे मोजून" असं लिहिलं, आणि मंजूर झाल्यावर स्वतःहून बहिणीला स्क्रीनशॉट पाठवला. शिक्षकांचा मंगळवारचा वर्ग शाळेने बंद केला. बहिणीला त्याचं वाईट वाटलं, उपमुख्याध्यापक त्यात सगळ्यात नियमित यायचे.